अकरा सरळ स्क्रू

शिमिझु
सोमवार, २० ऑक्टोबर २०२५

चि. कुनिहारूस,
आशीर्वाद नेहमीचेच. हवापाण्याची चौकशी आज नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. त्या वेळी मोटार-मॉडेल मंडळाच्या तपासणीच्या टेबलाशी होरिउचीने माझी गाडी उलटी केली, मागच्या उजव्या चाकाला बोटाने टिचकी मारली आणि हात मागे घेतला. चाक फिरत राहिलं. तू माझ्यामागे दोन हातांवर उभा होतास, पण तुझं सगळं लक्ष कोपऱ्यातल्या चहाच्या पोत्यांकडे होतं, म्हणून पुन्हा लिहिते. चाक फिरतच राहिलं. रांगेतली माणसं बोलायची थांबली. एवढ्या मोठ्या गोदामात तेवढाच एक आवाज होता, आणि तो माझ्या गाडीचा होता.

सुट्या भागांच्या पेटीत येतात त्या प्लास्टिकच्या बुशांवर, म्हणजे आसाच्या कड्यांवर, फिरणारं चाक दोन-तीन फेरे घेऊन थांबतं, हे आता मलाही कळतं. होरिउचीने चाक काढलं, आत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आत पोलादी छऱ्यांचे बेअरिंग आहेत, चारी चाकांना मिळून आठ, आणि नवशिक्यांच्या शर्यतीत नियम चार आहे. पेटीत जे आलं तेवढंच लावायचं, बाहेरचा एकही भाग नाही, हा नियम चार. मी म्हटलं की हे मी घातलेले नाहीत. त्यावर तो म्हणाला की काट्सुमाताबाई, गाडी तुमची, सही तुमची, मग घातले कोणी? एवढं बोलून तो शिडीवर चढला आणि भिंतीवरची माझ्या नावाची लाकडी पाटी त्याने उलटी केली. सहा महिने झाले नाहीत ती पाटी लागून. आता तिचं तोंड भिंतीकडे आहे, शाळेत कोपऱ्यात उभं केलेल्या मुलीसारखं.

मंडळाला माझं लेखी कबुलीपत्र हवं आहे. सोमवारी, ३ नोव्हेंबरला सकाळी दहाला समिती बसेल. पत्र दिलं तर तीन महिन्यांनी पाटी सुलटी होईल. दिलं नाही तर काढून टाकतील. मी अडतीस वर्षं जमीन नोंदणीच्या खिडकीत बसले, कुनी. लोकांचे शिक्के तपासले. खोटा शिक्का घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा मला लांबून ओळखू येतो, आणि रविवारी सगळे माझ्याकडे तसंच बघत होते.

मेमध्ये प्रदर्शनातून मी ती पेटी विकत आणली, तेव्हा दुकानदाराने विचारलं की नातवासाठी का? तुला फोनवर सांगितलं तर तू इतका हसलास की सुमिएने फोन घेतला. त्या दिवशी मी ठरवलं की तुला एक शब्द विचारायचा नाही. पहिलं कवच मी बाहेरून रंगवलं आणि पहिल्याच धक्क्याला रंगाचे पोपडे उडाले. मग कळलं की पारदर्शक कवच आतून रंगवायचं, आकडे उलटे काढायचे, आधी बारीक काम आणि मग मोठे रंग. तेव्हा मला शाळेतल्या सिस्टर बेर्नादेत आठवल्या. त्या भरतकामाची मागची बाजू आधी बघायच्या. दुसरं कवच मी पिकल्या तेंदूफळाच्या केशरी रंगाचं केलं, आणि ते मागून पुढून सारखं आहे. गिअरपेटी तीनदा उघडली, तीनदा लावली. चार महिने लागले. चूक झाली तर ती माझी होती, आणि सुधारली तीही मीच.

आता कामाचं. शुक्रवारी घरी मी चारी चाकं फिरवून बघितली होती. तीन फेरे, थांबली. शनिवारी बाबांच्या तेराव्या वर्षाच्या विधीसाठी गाडीची पेटी घेऊनच तुझ्याकडे याइझुला आले, ती दुपारपासून तुझ्या दारातल्या चपलांच्या कपाटावर होती. विधीला होरिउची उदबत्ती लावायला आला होता. तो दारात बराच वेळ बूट घालत बसला होता, हे मी पाहिलं. एवढंच लिहिते, पुढचं तू समज. कारखान्यात तो तुझ्या हाताखाली होता, तू त्याला चांगला ओळखतोस.

मंडळ तू स्थापन केलंस. भिंतीवरची पहिली पाटी तुझी. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे. मी हे केलेलं नाही, असं दोन ओळींत लिहून दे. आणि त्या दुपारी पेटीला कोणाचा हात लागला ते आठव.

लोभ आहेच. तो कामी यावा.
तुझी ताई,
इकुयो


याइझु
गुरुवार, २३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ऋतूची चौकशी तू केली नाहीस तरी मी करतो. इथे हवा छान आहे, बंदरावर मासळी भरपूर आहे, माझा गुडघा कुरकुरतो आहे. सुमिएने तेंदूफळं सोलून दोरीला टांगली आहेत, वाळली की तुझ्याकडे पाठवू.

होरिउचीबद्दल तू लिहिलंस ते मनातून काढून टाक. तो रुक्ष आहे, हसताना त्याला मी गेल्या तीस वर्षांत दोनदा पाहिलं असेल, पण तो असलं काही करणारा माणूस नाही. बूट घालायला त्याला वेळ लागतो कारण त्याची कंबर धरते.

ताई, राग मानू नकोस, पण एवढं काय त्यात? नवशिक्यांची शर्यत आहे. बेअरिंग घालणं म्हणजे काही चोरी नव्हे, गाडी बांधायला लागलेला प्रत्येक जण पहिली सुधारणा तीच करतो. बुश म्हणजे काय, चार शर्यतींत झिजतात. चार ओळींचं पत्र लिही की अनवधानाने झालं, मंडळाची क्षमा मागते. तीन महिने म्हणजे काय, नवं वर्ष आलं की संपलेच. तोवर तू माझ्याकडे ये, मी तुला मुरलेल्यांच्या शर्यतीसाठी खरी गाडी बांधून देतो. अशी की होरिउची बघत राहील.

एक कर. गाडी उघडू नकोस. होरिउचीने पेटीला कागदी पट्टी लावून दिली आहे ना, ती तशीच राहू दे आणि पेटी माझ्याकडे पाठव. उगाच उघडझाप केलीस तर समिती म्हणेल की पुरावा बदलला.

दोन ओळी लिहून द्यायचं म्हणतेस, पण मी तुझा भाऊ. भावाच्या दाखल्याला कोण विचारतं? उलट हसतील.

जेवत जा वेळेवर. चिडून उपाशी राहायची तुझी जुनी खोड आहे.
लोभ कमी करू नये.
तुझा,
कुनिहारू


शिमिझु
शनिवार, २५ ऑक्टोबर, जलद टपालाने

चि. कुनिहारूस,
आशीर्वाद.

तू उघडू नकोस म्हणालास, म्हणून उघडली. साठ वर्षांत तू मला एवढ्या काळजीने कुठली गोष्ट करू नकोस म्हणाला नव्हतास.

आज सकाळी साडेदहाला शेजारच्या नाकाजोबाईंना साक्षीला बोलावलं. त्या तीस वर्षं परिचारिका होत्या, शस्त्रक्रियेच्या खोलीत. त्यांनी हात धुतले आणि जेवणाच्या टेबलावर पांढरा कपडा अंथरला. मी पट्टी कापली. त्यांनी वेळ लिहून घेतली. मग कवच काढलं आणि गाडी खिडकीशी उजेडात धरली.

गिअरपेटीला अकरा स्क्रू आहेत. मी स्क्रू कसा लावते ते सांगते. हाताला घट्ट लागला की थांबते. त्याच्या डोक्यावरच्या खाचांचा क्रूस तेव्हा आडवातिडवा कुठेही असतो, आणि मी त्याच्याकडे बघत नाही. माझे अकरा स्क्रू अकरा दिशांना बघत होते.

आज ते सगळे सरळ होते. एकेक क्रूस उभा, अगदी काटकोनात. सिस्टर बेर्नादेतच्या गळ्यात असायचा तसा. नाकाजोबाई म्हणाल्या की किती टापटिपीने लावलेत हो तुम्ही. मी गाडी कपड्यावर ठेवली आणि अकराही पुन्हा एकदा मोजले.

बाबा देवघरांच्या बिजागऱ्या अशाच लावायचे. स्क्रूची खाच उभी आल्याशिवाय देवघर गिऱ्हाइकाच्या घरी जात नसे. म्हणायचे की पूर्वज आतून बघतात, त्यांना वाकडं दिसायला नको. मी आठ वर्षांची असताना एकदा त्यांचा पेचकस हातात घेतला तर त्यांनी तो काढून घेतला आणि तुला दिला. तू पाच वर्षांचा होतास, तुला तो नीट धरताही येत नव्हता. मला त्यांनी सिस्टरांच्या शाळेत भरतकामाला घातलं. असे सरळ स्क्रू लावणारी दोनच माणसं मी पाहिली. एकाचा तेराव्या वर्षाचा विधी आपण गेल्या शनिवारी केला.

होरिउचीची तक्रार मी लिहून ठेवली होती, तीन पानं. मंडळाच्या पत्त्याचा लिफाफाही तयार होता. देवाची कृपा की तिकीट संपलं होतं. एका सरळ माणसाचं नाव मी चिखलात घातलं असतं, आणि तू मला थांबवायला बघितलंस ते कशाच्या सबबीवर, तर त्याच्या कंबरेच्या.

त्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चाक फिरत होतं, तेव्हा ते का थांबत नाही हे त्या गोदामात एकाच माणसाला माहीत होतं. तो पोती मोजत होता.

ओरडत नाही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. मला एकच विचारायचं आहे, ते कागदावर सांग. का?

इकुयो


याइझु
सोमवार, २७ ऑक्टोबर

ती. वन्संना,
सुमिएचा नमस्कार.

हे कार्ड ह्यांना न सांगता टाकते आहे. तुमचं पत्र ह्यांनी माझ्यासमोर वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. तेव्हापासून जेवायला बसतात आणि उठतात. काल मंडळात जायचा रविवार असून गेले नाहीत. होरिउचींचा फोन आला होता की आजारी आहात का, तर मला हातानेच खूण केली की नाही म्हणून सांग. आता काय नाही, आजारी नाहीत की घरी नाहीत, ते मला कळलं नाही, मी दोन्ही सांगितलं.

टेबलावर चहाचा एक छोटा डबा घेऊन बसतात. मी विचारलं तर म्हणाले की चहा आहे. चहा खुळखुळत नाही, वन्सं, एवढं मला कळतं.

मी त्या शनिवारी तुमच्याबरोबर देवळात होते, त्यामुळे घरात काय झालं ते मला माहीत नाही. पण तुम्ही फार दिवस गप्प राहू नका. तुम्ही ओरडलात तर ह्यांना बरं वाटतं.

तुमची,
सुमिए


याइझु
बुधवार, २९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

चार कागद फाडले. हा पाचवा.

त्या शनिवारी तू आणि सुमिए भटजींना पोचवायला देवळात गेलात. पाहुणे गेले होते. तीन वाजले असतील. पेटी कपाटावर दिसली. खरं सांगतो, मला फक्त बघायचं होतं. तू चार महिने एक शब्द विचारला नाहीस. मी रोज वाट बघायचो की आज विचारेल, गिअर घासताहेत म्हणेल, तारेला दिलेला कथलाचा डाग सुटला म्हणेल. एक फोन नाही. मी मनात म्हटलं की गाडी नक्की चुकली असणार, उद्या सगळ्यांसमोर बंद पडेल आणि लोक म्हणतील की काट्सुमाताची बहीण.

म्हणून उघडली. गिअर बघितले, ग्रीस बघितलं, जिथे पाहिजे तिथे आणि पाहिजे तेवढंच. तारांचे डाग बघितले, वाटाण्यासारखे गोल. तारा तू मेणाच्या दोऱ्याने बांधल्या आहेस, तसं मी कारखान्यात एकेचाळीस वर्षांत कधी पाहिलं नाही. कवच उलटं करून आतला रंग बघितला. शोधलं, ताई. वीस मिनिटं शोधलं. मला एकही चूक सापडली नाही.

तेव्हा झाकून ठेवायला हवी होती. पण मी तीन वर्षं घरी बसलो आहे. माझ्या हातांना काही नाही. खणात नवे बेअरिंग होते. बाबांचा दिवस होता, आणि मला वाटलं की हिच्या गाडीत आपलंही काही असावं. वाटलं की पहिल्या शर्यतीला कोण चाक फिरवून बघतं, आमच्या वेळी नुसतं वजन करायचे. टिचकी मारून बघायची पद्धत होरिउचीने ह्याच वर्षी आणली, ते मला ठाऊक नव्हतं. मी हल्ली तपासणीला उभा राहत नाही, मला बोलावत नाहीत.

टेबलाशी बोलायला तोंड उघडलं होतं. मग तो शिडीवर चढला आणि माझी नजर भिंतीवर गेली. नियम चार मी लिहिलेला आहे. एकोणीस वर्षांपूर्वी, माझ्या हस्ताक्षरात, तो अजून दाराशी चौकटीत लावलेला आहे. मी पुन्हा पोती मोजायला लागलो.

तुझे आठ बुश ह्या पत्रासोबत चहाच्या डब्यात पाठवतो. फेकले नव्हते.

आता माझं ऐक. मी समितीला सांगितलं तर मला तिथे काय राहतं? कारखाना सुटला, आता तेवढी एक भिंत आहे. पहिली पाटी उलटी झाली तर रविवारी मी कुठे जायचं? तू सही कर, मी तुझे पाय धरतो. नववर्षाला मी होरिउचीला घरी बोलावून दोन प्याले झाल्यावर सगळं सांगेन, तो समजून घेईल आणि गाजावाजा न होता मिटेल. तू मला लहानपणापासून सांभाळलंस. हे शेवटचं.

तुझा,
कुनी


नोंदणी टपाल, जलद, पोचपावतीसह

शिमिझु
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

चि. कुनीस,
आशीर्वाद, पूर्ण.

पोस्टातल्या मुलीने पत्ता वाचून विचारलं की आडनाव एकच आहे, घरच्यांना पोचपावती कशाला? मी सांगितलं की घरच्यांनाच लागते.

डबा मिळाला. आठही बुश धुतले, पुसले आणि काल जिथले तिथे बसवले. बेअरिंग त्याच डब्यात घालून ठेवले आहेत, ते तुझे आहेत. अकरा स्क्रू माझ्या पद्धतीने लावले. आता ते पुन्हा अकरा दिशांना बघतात. चाक तीन फेरे घेऊन थांबतं. ते थांबलं तेव्हा मला जे वाटलं ते तुला लिहून कळायचं नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी चारदा वाचलं. मला एकही चूक सापडली नाही. पेचकस हातातून गेला त्या दिवसापासून हे वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून मी थांबले आहे, हे मलाही काल कळलं. बाबा म्हणाले नाहीत. तू म्हणालास, पण कधी, तर जेव्हा तेच वाक्य लपवण्यासाठी मी खोट्या कागदावर सही करावी असं तुला वाटतं तेव्हा. आतून बघणारा तू एकटाच होतास, कुनी. माझी गाडी माझी आहे, हे सांगू शकणारा दुसरा माणूस ह्या जगात नाही, आणि तू दोन प्याल्यांची वाट बघतोस.

मी कबुलीपत्रावर सही करणार नाही. तीन महिने नाही आणि तीन दिवसही नाही. न केलेल्या गोष्टीवर मी अडतीस वर्षांत शिक्का मारला नाही.

आणि तुझं नावही सांगणार नाही. घाबरू नकोस. नाकाजोबाईंनाही सांगितलेलं नाही. त्यांना अजून वाटतं की स्क्रू मीच इतके सरळ लावले, आणि ती शाबासकी मला टोचते आहे. सोमवारी मी दहा वाजता समितीसमोर बसेन, सही करत नाही एवढंच म्हणेन आणि घरी येईन. ते माझी पाटी काढतील. खिळा राहील. तुझी पाटी वरच्या ओळीत पहिली, माझा खिळा खालच्या ओळीत शेवटचा, दारातून आत येताना दोन्ही एकदम दिसतात. तुला दर रविवारी जायला भिंत राहील.

नाहीतर असं कर. तीन वाक्यं लिही, मंडळाच्या नावाने, तुझ्या हस्ताक्षरात, खाली तुझा शिक्का. गाडी इकुयो काट्सुमाता यांनी एकटीने बांधली. मी ती उघडून तपासली आणि मला तिच्यात एकही चूक सापडली नाही. बेअरिंग मी घातले. ह्याच क्रमाने लिही, दुसरं वाक्य गाळू नकोस. क्षमा मागायची असेल तर होरिउचीची वेगळी माग, ती मीही त्याला देणं लागते.

तुझी पाटी तीन महिने भिंतीकडे तोंड करून राहील. राहू दे. मी दर रविवारी शिडी लावून तिच्यावरची धूळ पुसेन. आणि नऊ नोव्हेंबरच्या पुढच्या शर्यतीत माझ्या गाडीची बॅटरी बदलायला एक मदतनीस लागणार आहे. नियम बघितले, मदतनिसाची पाटी सुलटी असायला हवी असं त्यात कुठे नाही. तूच लिहिले आहेस, तुला माहीत असेल. हातांना काम हवं म्हणतोस ना? विचारायचं होतंस. मीही विचारायला हवं होतं, ते मान्य करते, पण तू हसला होतास.

लोभ आहे. तो वाढवायचा की तेवढाच ठेवायचा, हे तुझ्या कागदावर अवलंबून.

उत्तर लेखी हवं. रविवार, २ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. शनिवार-रविवारी साधं टपाल वाटत नाहीत हे कारण चालणार नाही. याइझुहून शिमिझुला आगगाडी आहे, माझ्या दाराला टपालपेटी आहे. पत्र पेटीत टाक, घंटा वाजवू नकोस. पाचपर्यंत मी दाराच्या आतच बसलेली असेन.

ताई